पंचांच्या नावाने शिमगा

दिवाळीच्या अंकात शिमग्याची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. शिमगा वर्षातून एकदाच येतो असे पंचांगात लिहिलेले असले, तरी ज्या घरात फुटबॉलचे वेड शिरले आहे त्या घरात तो आठवड्यातून दोनदा येतो. आणि ज्याच्या नावाने बोंब ठोकायची तो माणूसही ठरलेला असतो. मैदानाच्या मधोमध शिट्टी घेऊन धावणारा पंच!

आमच्या घरात तर हा मामला दुहेरी आहे. मी जन्माने दादरचा आणि आमच्या सौ. माहेरच्या मडगावच्या. लग्न ठरले तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पत्रिका पाहिल्या, गोत्रे पाहिली, मासे खाण्याबद्दल एकमत आहे याची खात्री करून घेतली. पण पुढे २०१४ साली इंडियन सुपर लीग नावाचा एक प्रकार निघेल, त्यात मुंबईचा एक संघ असेल आणि गोव्याचाही एक असेल, हे काही कुणाच्या पत्रिकेत दिसले नाही. आज मी आणि चिरंजीव मिहिर मुंबई सिटीचे. सौ. एफसी गोवाच्या. धाकटी सई ज्याच्या हातात चिवड्याचा डबा असेल त्याच्या बाजूची. आणि ऐंशी ओलांडलेले अप्पा कुणाच्याच बाजूचे नाहीत, कारण त्यांच्या मते खरा फुटबॉल कूपरेजवर रोव्हर्स कपाबरोबरच संपला.

२४ एप्रिल २०२४ चा दिवस आमच्याकडे अजून नाव न घेता सांगतात. फातोर्ड्याच्या मैदानावर गोवा आणि मुंबई यांची उपांत्य फेरीची पहिली लढत होती. नेमके त्याच आठवड्यात सौ.चे थोरले बंधू बाबलदादा एका मुंजीसाठी मुंबईला आमच्याकडे उतरले होते. एरवी ते स्वतः फातोर्ड्याला जाऊन बसायचे, पण मुंज जवळच्या नात्यातली होती, इलाज नव्हता.

सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोव्याचा पहिला गोल केला. छप्पन्नाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने दुसरा. बाबलदादांनी मांडी घातली आणि बहिणीला हाक मारली, ‘‘अगो, रवा भाजायला घे. शिरा कर. काजू सढळ हातानं घाल.’’ सौ. हसतमुखाने आत गेल्या. मी आणि मिहिर भिंतीकडे पाहत बसलो. ऐंशी मिनिटे झाली, पंच्याऐंशी झाली. स्वयंपाकघरातून तुपाचा वास येऊ लागला.

नव्वदाव्या मिनिटाला छांगटेने एक गोल फेडला. बाबलदादा म्हणाले, ‘‘ठीक आहे, पाहुण्यांना काहीतरी द्यायला हवंच.’’ पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने बरोबरी केली. बाबलदादांची मांडी सुटली. आणि जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगटेने पुन्हा गोल करून मुंबईला तीन-दोन असे जिंकून दिले. मिहिर सोफ्यावर उभा राहून नाचला. सौ. शिऱ्याचे पातेले घेऊन दारात आल्या त्या तशाच उभ्या राहिल्या.

‘‘कितें हें!’’ बाबलदादा ओरडले. ‘‘नव्वद मिनिटांचा खेळ आणि शहाण्णवाव्या मिनिटाला गोल? ही सहा मिनिटं आणली कुठून? त्या पंचाच्या घड्याळाला किल्ली कोण देतो, ते तरी कळू दे!’’

येथून जो वाद सुरू झाला तो रात्री दीड वाजेपर्यंत चालला. शिरा शेवटी अप्पांनी खाल्ला.

आता खेळाचा नियम काय म्हणतो? तो म्हणतो की बदली खेळाडू आत येण्यात, जखमी खेळाडूवर उपचार करण्यात, गोल झाल्यावरच्या आनंदोत्सवात आणि मुद्दाम रेंगाळण्यात जो वेळ जातो तो पंचाने मोजून शेवटी भरून द्यायचा. मैदानाबाहेरचा चौथा पंच जो आकडा फलकावर उंच धरून दाखवतो, तो ‘कमीत कमी इतका’ असा असतो. पंच त्यात वाढ करू शकतो, घट करू शकत नाही. २०२२ च्या कतारमधल्या विश्वचषकात इंग्लंड आणि इराणच्या सामन्यात इराणचा गोलरक्षक डोक्याला मार लागून बराच वेळ पडून होता, तेव्हा एकट्या पहिल्या डावातच चौदा मिनिटे वाढवून दिली होती. हे सारे मिहिरने मामाला पाठ म्हणून दाखवले. मामाने ऐकून घेतले आणि म्हटले, ‘‘नियम मला सांगू नकोस. नियम मलाही ठाऊक आहे. मी न्यायाबद्दल बोलतो आहे.’’

वाचकहो, या एका वाक्यात जगातल्या सगळ्या फुटबॉलवेड्यांचे तत्त्वज्ञान साठवलेले आहे. आपण जिंकलो की तो नियम, आणि आपण हरलो की तिथे न्याय झाला नाही.

मग मी माझ्याकडचा हुकमाचा एक्का काढला. स्पेनच्या लीगमधल्या सामन्यांचा काही अर्थशास्त्रज्ञांनी बारकाईने हिशेब मांडला होता, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की यजमान संघ एका गोलाने मागे असला तर पंच जादा वेळ अधिक देतात, आणि यजमान एका गोलाने पुढे असला तर कमी देतात. लाच नाही, कट नाही. नुसता भोवतालच्या हजारो माणसांच्या घशांचा परिणाम. त्याआधी २००२ साली इंग्लंडमध्ये आणखी एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. चाळीस पात्र पंचांना एकाच सामन्यातल्या सत्तेचाळीस झटापटी पडद्यावर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट आणि काहींना आवाज बंद करून. ज्यांनी आवाज ऐकला त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाऊल दिले. करोनाच्या काळात रिकाम्या मैदानांवर सामने झाले तेव्हाही पाहुण्या संघांना पिवळी कार्डे पूर्वीपेक्षा कमी मिळाली.

‘‘तेव्हा बाबलदादा,’’ मी म्हटले, ‘‘पंच झुकतोच, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण तो यजमानाकडे झुकतो. आणि फातोर्ड्यात यजमान तर तुम्हीच होतात!’’

बाबलदादा क्षणभर गप्प झाले. मग सुस्कारा टाकून म्हणाले, ‘‘म्हणजे आमची माणसं पुरेशी ओरडली नाहीत. मी तिथं असायला हवा होतो, भावोजी. ही मुंज नडली.’’

अप्पा तोवर शिरा संपवून हात पुसत होते. ते म्हणाले, ‘‘आमच्या वेळी पंच म्हणजे देव. शिट्टी वाजली की संपलं.’’ मी म्हटले, ‘‘अप्पा, मग कूपरेजवरून घरी येताना तुमचा घसा का बसलेला असायचा?’’ त्यावर त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला आणि मला ऐकू आले नसावे अशी तजवीज केली.

खरे म्हणजे पंच हा प्राणी या खेळात उशिरा आला. १८६३ साली इंग्लंडात फुटबॉल असोसिएशन निघाली, तेव्हा अशी समजूत होती की सभ्य माणसे खेळतात, मग भांडण कशाला होईल? पुढे प्रत्येक संघाने आपला एक अंपायर आणायचा अशी रीत पडली. दोन अंपायरांचे आपसात जमले नाही म्हणजे विचारायला मैदानाबाहेर एक तिसरा माणूस ठेवू लागले. हे दोघे आपापल्या घरचे वकील असल्यामुळे त्यांचे जमत नसे हे सांगायला नकोच. शेवटी १८९१ साली त्या तिसऱ्याला मैदानात आणून सगळा अधिकार त्याच्या हाती दिला आणि दोघा अंपायरांना सीमारेषेवर उभे केले. पेनल्टी किकही त्याच वर्षी आली. म्हणजे आज आपण ज्याला शिव्या घालतो तो मुळात आपल्याच भांडणाला कंटाळून आपण बोलावलेला पाहुणा आहे.

त्याच्या हातातली लाल-पिवळी कार्डेही अशाच एका गोंधळातून निघाली. १९६६ च्या विश्वचषकात वेंब्लीवर इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचाने अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन याला बाहेर काढले. पंचाला स्पॅनिश येईना, रॅटिनला जर्मन कळेना. तो काही केल्या मैदान सोडीना, आणि सामना कितीतरी मिनिटे अडून बसला. पंचांचा कारभार पाहणारे केन ॲस्टन हे गृहस्थ त्यानंतर लंडनच्या रस्त्यावरून मोटारीने जात असता चौकातल्या दिव्यापाशी थांबले. पिवळा म्हणजे सावकाश, लाल म्हणजे थांब! हे तर साऱ्या जगाला कळते, मग मैदानावर का नको? १९७० च्या मेक्सिकोतल्या स्पर्धेत कार्डे आली ती त्या दिव्यामुळे. आमच्या चौकातल्या दिव्याकडे कुणी पाहतसुद्धा नाही, हा भाग निराळा.

त्याच १९६६ च्या अंतिम सामन्यात जेफ हर्स्टचा चेंडू आडव्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. गोल की नाही? स्विस पंच डीन्स्ट धावत रेषापंचाकडे गेले. रेषापंच होते अझरबैजानचे तोफिक बहरामोव्ह. त्यांनी गोल म्हणून सांगितले आणि इंग्लंड पुढे चार-दोन असे जिंकले. जर्मनीत त्या गोलाचा वाद अजून मिटलेला नाही. इकडे बाकू शहरातल्या मोठ्या मैदानाला मात्र बहरामोव्ह यांचे नाव दिलेले आहे. एका रेषापंचाच्या नावाचे मैदान! पंचांच्या जमातीला एवढा मान मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

आणि १९८६ मधला मॅराडोनाचा तो हाताने केलेला गोल तर शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या सामन्याचे पंच होते ट्युनिशियाचे अली बिन नासर. त्यांचे म्हणणे असे की मला नीट दिसले नाही, म्हणून मी रेषापंचाकडे पाहिले, त्याने हरकत घेतली नाही. साऱ्या इंग्लंडने त्यांचा उद्धार केला. पण २०१५ साली मॅराडोना ट्युनिशियात गेला असता त्यांच्या घरी जाऊन भेटला आणि आपली सही केलेला सदरा त्यांना देऊन आला. पुढे २०२२ मध्ये बिन नासरनी जपून ठेवलेला त्या सामन्याचा चेंडू लिलावात वीस लाख पौंडांना गेला. चूकसुद्धा इतकी वर्षे जपून ठेवली की तिची किंमत वाढते, असे यावरून म्हणता येईल. संसारी माणसांना हा अनुभव आहेच.

मग लोक म्हणू लागले की माणूस चुकतो, तर यंत्र आणा. २०१० साली इंग्लंडच्या लँपार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलात चांगला हातभर आत पडून बाहेर आला, साऱ्या जगाने दूरदर्शनवर पाहिला, फक्त पंचांना तेवढा दिसला नाही. त्यानंतर दोन वर्षांनी गोलरेषेवर यंत्र बसवायला मंजुरी मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ते बसलेही. २०१८ च्या विश्वचषकात व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारे पंच आले, २०१९ पासून ते इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येही बसले. वाटले, आता घरोघर शांतता नांदेल.

शांतता कसली! ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमच्या मैदानावर लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला. मैदानावरच्या पंचांनी तो ऑफसाइड ठरवला. खोलीत बसलेल्या व्हिडिओ पंचांनी चित्र पाहिले, त्यांना गोल बरोबर दिसला. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे अशा समजुतीने ते ‘तपासणी पूर्ण’ एवढेच बोलले. इकडे पंचांना वाटले, आपला ऑफसाइड कायम झाला. खेळ पुन्हा सुरू झाला, आणि एकदा तो सुरू झाला की मागे जाता येत नाही असा नियम! काही क्षणांतच खोलीतल्या मंडळींना आपली चूक कळली, पण उपयोग नव्हता. लिव्हरपूल शेवटच्या क्षणी स्वतःच्याच खेळाडूने केलेल्या गोलाने दोन-एक असे हरले. पंचांच्या संस्थेने चूक कबूल केली, त्या खोलीतले संभाषणही लोकांना ऐकवले. म्हणजे यंत्राने पाहिले ते बरोबरच पाहिले होते. माणसे एकमेकांशी नीट बोलली नाहीत. पोस्टाने पाठवलेले पत्र वेळेवर पोहोचले, पण वाचणाऱ्याने चष्मा लावला नव्हता, तशातली गत.

इतके होऊनही जून २०२४ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघाने ही व्हिडिओ तपासणी बंद करा असा ठराव आणला, तेव्हा बाकीचे एकोणीसच्या एकोणीस संघ विरोधात गेले. ज्याला रोज शिव्या द्यायच्या त्याला कुणी घरातून काढून टाकीत नाही!

आपल्याकडे तर ही सोयही नव्हती. ३ मार्च २०२३ रोजी बंगळूरला बाद फेरीच्या जादा वेळेत सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्यापूर्वीच फ्री किक मारून गोल केला. नियम असा की फ्री किक घेणाऱ्या संघाने अंतर मागितले नाही आणि पंचाने थांबवले नाही, तर शिट्टीची वाट न पाहता चेंडू मारता येतो. केरळवाल्यांचे म्हणणे, पंच आमच्या माणसांना मागे सरकवत होते, मग आम्ही तयार कसे राहणार? त्यांच्या प्रशिक्षकांनी सारा संघच मैदानातून बाहेर काढला. सामना बंगळूरला गेला, केरळच्या संघाला चार कोटी रुपये दंड आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. आमच्या घरी त्या रात्री मुंबई आणि गोवा दोघेही नुसते प्रेक्षक होते, म्हणून सर्वांनी फार समतोल विचार मांडले. आपले माणूस पणाला लागलेले नसले म्हणजे न्यायबुद्धी कशी लख्ख होते!

याचेही कुणीतरी माप घेतलेले आहे. १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत त्यांचा तो हातात चेंडू घेऊन पळण्याचा फुटबॉल झाला. सामन्यात धसमुसळेपणा फार झाला, एकाचे नाक मोडले, एकाचा पाय. पुढे दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याचा एकच चित्रपट दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवला आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या पोरांना आपल्या संघाचे जेवढे अपराध दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. चित्रपट एकच, डोळेही सर्वांना दोन-दोन. १९५४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मी तो वाचला तेव्हा मला फार गंमत वाटली, बाबलदादांना फोन करून मी तो ऐकवलाही. आपल्याला तो लागू असेल अशी शंका मात्र मला आली नाही.

ती आली या वर्षी, गणपतीच्या आधीच्या रविवारी.

मिहिर आता चौदा वर्षांखालच्या मुलांत खेळतो. उपनगरातल्या एका मैदानावर त्याचा सामना होता. मैदानाचे नाव सांगत नाही. सकाळी पाऊस होऊन गेला होता, चिखल होता. आम्ही दहा-बारा पालक छत्र्या आणि थर्मास घेऊन सीमारेषेपाशी उभे होतो. अशा सामन्यांना रेषापंच वगैरे थाट नसतो. एकच पंच होता. एकोणीस-वीस वर्षांचा, कॉलेजात जाणारा दिसत होता, सडपातळ, बुटांत चिखल भरलेला.

एक-एक अशी बरोबरी होती आणि जिंकला तो पुढच्या फेरीत, नाहीतर पेनल्टी किक. शेवटच्या काही मिनिटांत आमच्या मुलांनी एक लांब चेंडू पुढे दिला, मिहिर तो घेऊन पळाला आणि त्याने गोल मारला. आम्ही ओरडलो. तोच शिट्टी! ऑफसाइड!

मग मी जो काही ओरडलो, ते छापण्यासारखे नाही, पण छापलेच पाहिजे. प्रथम मी ‘‘डोळे आहेत का बटणं?’’ असे विचारले. दोन पालक हसले. त्या हसण्याने मला जोर चढला. मी आणखी मोठ्याने ओरडलो, ‘‘किती घेतलेस रे त्यांच्याकडून?’’ यावर सगळेच हसले. त्या मुलाने एकदा आमच्याकडे पाहिले, घाम पुसला आणि पुन्हा धावू लागला. पेनल्टी किकमध्ये आमची मुले हरली.

घरी निघालो आणि माझ्या ध्यानात आले की थर्मास मैदानावरच राहिला. मिहिरला बाकीच्या मुलांबरोबर फाटकाशी थांबवून मी परत गेलो. पायऱ्यांवर तो पंच एकटा बसून बुटातला चिखल काढीत होता. कानाला फोन होता. ‘‘हो आई, झाली. चांगली झाली मॅच. नाही गं, कुणी काही बोललं नाही. येतो जेवायला.’’

मी थर्मास उचलून गुपचूप निघणार होतो, तोच त्याने मला पाहिले. तो उठून उभा राहिला. मला वाटले, आता हा भांडणार. तो म्हणाला, ‘‘काका, सात नंबर तुमचा मुलगा ना? चांगला खेळतो. मला एक विचारायचं होतं. पास सुटला तेव्हा मी मागे होतो, चिखलात धावायला जमलं नाही. मला तो पुढे दिसला. पण तुम्ही अगदी रेषेत उभे होतात. तुम्हाला काय दिसलं?’’

वाचकहो, ऑफसाइडची अडचण ठाऊक असेल त्यांनाच या प्रश्नाचे मोल कळेल. खेळाडूपर्यंत चेंडू पोहोचला तेव्हा तो कुठे होता याला महत्त्व नाही, मागच्या साथीदाराने चेंडू मारला त्या क्षणी तो कुठे होता हे पाहायचे असते. म्हणजे एक डोळा चेंडू मारणाऱ्यावर आणि दुसरा तीस-चाळीस पावले पलीकडे धावणाऱ्यावर, आणि दोन्ही एकाच क्षणी. परमेश्वराने माणसाचे डोळे त्या कामासाठी घडवलेले नाहीत.

आणि मी त्या क्षणी कुठे पाहत होतो? मी थर्मासमधून चहा ओतून घेत होतो. मान वर केली तेव्हा मिहिर चेंडू घेऊन पळत होता. पास सुटताना मी पाहिलाच नव्हता. ज्या गोष्टीबद्दल मी एका परक्याच्या मुलाला चोर म्हटले होते, ती मला दिसलेलीच नव्हती.

मी म्हटले, ‘‘मी पाहिलं नाही. मी चहा ओतत होतो.’’

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘बरं झालं सांगितलंत. नाहीतर आज झोप आली नसती.’’ मी माफी मागितली. ‘‘चालायचंच, काका,’’ असे तो म्हणाला. पण चालायचेच असे म्हणताना त्याने मान खाली घालून पुन्हा बुटाची नाडी हातात घेतली होती.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नसती. पण त्या आठवड्यात गणपती बसले. सौ. उकडीचे मोदक वाढीत होत्या आणि सईच्या पानात एक जास्त पडला. मिहिरने पानावरून मान वर केली आणि अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात विचारले, ‘‘आई, किती घेतलेस गं तिच्याकडून?’’

सई हसली. अप्पासुद्धा हसले. सौ.ना काही कळेना, त्या हातात मोदकाचे पातेले घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पहाटेपासून उकड मळून त्यांचे हात लाल झाले होते. मला मात्र घास गिळेना. गेले कित्येक दिवस गंमत म्हणून जे फेकत होतो ते कुठे जाऊन पडते हे मला त्या दिवशी माझ्याच पंगतीत दिसले.

जेवणे झाल्यावर मी मिहिरला गॅलरीत बोलावले आणि थर्मासची सगळी हकिकत सांगितली. काही लपवले नाही. तो कठड्याला टेकून ऐकत होता. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ‘‘बाबा, मी ऑफसाइड होतो.’’

‘‘तुला ठाऊक होतं?’’

‘‘हो. दोन पावलं पुढे होतो. पण तुम्ही इतके ओरडत होतात, मग मला वाटलं, नसेन.’’

नंतर तो आपण होऊन आत गेला. आईला काय म्हणाला ते मी ऐकले नाही, पण थोड्या वेळाने सौ.नी त्याला आणखी एक मोदक दिला, तेव्हा दोघांचा समेट झाला असावा.

तेव्हापासून आमच्या घरात दोन नियम झाले आहेत. सामना चालू असताना थर्मास उघडायचा नाही, आणि जे आपण पाहिले नाही त्यावर ओरडायचे नाही. दुसरा नियम पाळला तर बोलायला फारसे काही उरत नाही असे आढळून आले आहे. तरी पंचाच्या निर्णयावर बोलूच नये, असे माझे म्हणणे नाही. पंच चुकतात, कधी फार मोठे चुकतात, त्याचा जाब विचारला पाहिजे. लिव्हरपूलवाल्यांनी विचारला तो योग्यच होता. पण निर्णय चुकला म्हणणे वेगळे आणि माणूस विकला गेला म्हणणे वेगळे. मैदानावरच्या बावीस जणांच्या मागे कुणी ना कुणी टाळ्या वाजवणारे असते. त्या एकट्याच्या मागे कुणी नसते. असलीच तर जेवायला वाट पाहणारी आई.

आणि आपण हरतो तेव्हा पंचाला धरतो, त्याचे कारणही मला आता कळल्यासारखे वाटते. आपल्या संघाचा बचाव ढिला होता असे म्हणायला जीव धजत नाही. ती आपलीच पोरे वाटतात. मग मधल्या मध्ये एक परका सापडतो. त्या एप्रिलमध्ये २९ तारखेला परतीच्या लढतीत मुंबईने गोव्याला दोन-शून्य असे हरवले, तेव्हा बाबलदादांचा फोन आला होता. पंचाबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत. बराच वेळ थांबून म्हणाले, ‘‘भावोजी, त्या दिवशीच हरलो होतो आम्ही. शेवटची सात मिनिटं आमची बचावाची फळी झोपली. घड्याळ बिचारं काय करील?’’ ते कबूल करायला एका खऱ्या प्रेमिकाला पाच दिवस लागले. हे काही फार नव्हेत.

या दिवाळीला बाबलदादा आमच्याकडे यायचे आहेत. सौ.नी शिऱ्याचा रवा आणून ठेवला आहे आणि यंदा तो निकालाची वाट न पाहता करायचा असे ठरले आहे. पाडव्यानंतरच्या रविवारी मिहिरचा सामना आहे. त्या मैदानावर पुन्हा तोच मुलगा शिट्टी घेऊन येईल की नाही, ठाऊक नाही. आला, तर सौ.नी एक पुडा बांधून द्यायचे कबूल केले आहे. त्यात चकल्या, चिवडा आणि चार लाडू असतील. सामना संपल्यावरच द्यायचा, आधी नाही, असे मिहिरने बजावले आहे. नाहीतर लोक विचारतील, किती घेतलेस रे?